जुना अ‍ॅम्प्लिफायर, जुना डेक, जुना व्हीसीआर: बोर्डाला लावण्याआधी काय बघायचं?

माळ्यावरचा_माल

नमस्कार मंडळी,

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून या रविवारी दोन डबे उचलले. एक जपानी स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर, चंदेरी पॅनल, पुढे सुईचे दोन मीटर. दुसरा त्याच जमान्यातला कॅसेट डेक. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की पुढचे वीस प्रतिसाद 'केवढ्याला पडला' आणि 'गंडवलं तुला' यातच जातात.

विकणाऱ्याने वायर खुपसली, मीटरचे दिवे लावून दाखवले, 'चालू कंडिशन आहे साहेब' म्हणाला. स्पीकर त्याच्याकडे नव्हते, त्यामुळे आवाजाचा प्रश्नच आला नाही. घरी आल्यावर हुकूम झाला की आधी गच्चीत नेऊन उघडा. आतून झुरळांच्या अंड्यांची पोतडी आणि एक वाळलेली पाल निघाली. मऊ ब्रशने आणि ब्लोअरने झाडून घेतलंय.

डेकचं प्ले बटण दाबलं की आत मोटर गुणगुणते, पण चक्र्या ढिम्म हलत नाहीत. अ‍ॅम्प्लिफायर अजून लावलेला नाही. मला मल्टिमीटर वापरता येतो, सोल्डरिंग बऱ्यापैकी जमतं, सर्किट डायग्राम अर्धवट कळतो. सुरुवात कुठून करू?

जुना_कारागीर

लावला नाहीत हे उत्तम केलंत. आता सांगतो त्याशिवाय लावूही नका.

सिरीज बोर्ड बनवा. एक बल्बचा होल्डर, एक सॉकेट आणि फेजच्या वायरीत दोन्ही एकामागोमाग. होल्डरमध्ये १०० वॅटचा तारेचा बल्ब. एलईडी चालत नाही, सीएफएल चालत नाही, तारेचाच हवा. जुन्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मागच्या फळीवर मिळतो अजून. अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग त्या सॉकेटमध्ये घालायचा, व्हॉल्यूम शून्यावर, स्पीकर काढलेले.

बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तो पहिला उजेड म्हणजे पॉवर सप्लायचे मोठे कंडेन्सर भरतायत. बल्ब फटफटीत पेटून तसाच राहिला, तर आत शॉर्ट आहे: आउटपुट ट्रान्झिस्टर, नाहीतर ब्रिज डायोड, नाहीतर ट्रान्सफॉर्मर. पण सगळा झटका बल्ब खातो आणि अ‍ॅम्प्लिफायर वाचतो. लॅमिंग्टन रोडला मी ज्यांच्या हाताखाली शिकलो, त्यांच्याकडे हा बोर्ड टेबलाला खिळ्याने ठोकलेला होता. त्यातून न जाता कुठलाही सेट थेट लाईनवर जायचा नाही, मग मालक कितीही घाईत असो.

त्याच्याही आधी मागची पाटी वाचा. व्होल्टेज सिलेक्टर असेल तर तो २२० किंवा २४० वर आहे ना? काही सेट ११० वर ठेवलेले सापडतात.

ओहम_शांती

काकांशी सहमत, फक्त एक पुढची पायरी. चाळीस वर्षांचा सेट आहे, त्यातले सगळे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर मी डोळे झाकून बदलेन. जुन्या ८५ डिग्रीच्या कंडेन्सरचं आयुष्य कंपनी पूर्ण तापमानाला हजार-दोन हजार तास सांगते. तापमान दहा डिग्रीने उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट, हे धरलं तरी चार दशकांत आतला द्राव सुकायला भरपूर वेळ मिळालेला असतो. कपॅसिटन्स घटतो, ईएसआर (कंडेन्सरचा आतला रेझिस्टन्स) वाढतो. मूल्य तेवढंच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त आणि १०५ डिग्रीचे घ्या. एकदाच काय ते करून टाका.

जुना_कारागीर

ओहम_शांती, तुमचं गणित बरोबर आहे, पण त्यावरून काढलेल्या सल्ल्याला माझा विरोध आहे.

समजा यांनी एका शनिवारी बसून पन्नास कंडेन्सर बदलले. त्यात एक उलटा बसला, एका ठिकाणी सर्किटच्या प्लेटवरचा तांब्याचा पट्टा उचलला गेला आणि दोन सोल्डर एकमेकांना चिकटले. सेट लावला, चालला नाही. आता दोष मूळचा की कालचा, हे कसं ठरवायचं? मूळ दोष काय होता हे तर कुणी बघितलंच नव्हतं.

आधी सेट बोलू द्या. तो काय म्हणतोय ते ऐकून मग हत्यार हातात घ्यायचं. माझ्याकडे आलेल्या त्या काळच्या अ‍ॅम्प्लिफायरांत कंडेन्सरमुळे बंद पडलेले कमीच. रिले (विजेने आपोआप उघडझाप करणारा स्विच), साधे स्विच, व्हॉल्यूम कंट्रोल, सुकलेलं सोल्डर आणि तो तपकिरी गोंद, यांनीच जास्त दगा दिलेला. फुगलेला, पाझरलेला किंवा मीटरवर घसरलेला कंडेन्सर जरूर काढा. बाकीच्यांना का हात लावायचा? केल्ट्रॉनचे कन्नूरला बनलेले कंडेन्सर देशी सेटांत अजून धड निघतात. वयामुळे त्यांना निवृत्त करायचं असेल तर मलाही करा.

गोंदाबद्दल नीट सांगतो, कारण त्याला लोक कंडेन्सर पाझरला असं समजतात. मोठे कंडेन्सर हलू नयेत म्हणून त्यांच्या बुडाशी फिकट पिवळा गोंद लावत. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो गडद तपकिरी, ठिसूळ होतो, त्यातून थोडा करंट जायला लागतो आणि शेजारच्या रेझिस्टन्स-डायोडांचे पाय हिरवे-काळे होऊन तुटतात. लाकडी काडीने खरवडून काढा, धातूने नको. पाय कुरतडलेले असतील तर ते पार्ट बदला.

तांबडा_पांढरा

धागा वर आला की मी आलोच!

कारागीर काकांना +१००. आमच्याकडं कोल्हापुरात एक गडी आहे, सेट आला की आधी सगळे कंडेन्सर उपटतोय. मग तीन महिने सेट त्याच्या माळ्यावर आणि गिऱ्हाईक त्याच्या दारात.

आउटपुट ट्रान्झिस्टर बदलायची पाळी आली तर मात्र डोळे उघडे ठेवा राव. २एन३०५५ नावाचं जे काय बाजारात मिळतंय त्यातलं निम्मं नुसतं नावाचं. कागदावर १५ अँपिअर, ६० व्होल्ट, ११५ वॅट. नकलीची लोखंडी टोपी कापून बघा, आत तांदळाच्या कणीएवढी चिप बसवलेली. हळू आवाजात गपगुमान चालतंय, गणपतीत आवाज वाढवला की फट्ट. एसटीके आयसींचं (अख्खा आउटपुट एकाच तुकड्यात) तर विचारूच नका. ४१४१ म्हणजे २५-२५ वॅटचा माल, पण छापलेलं पुसून भलताच नंबर टाकलेले पीस फिरतायत. पक्क्या दुकानातनं घ्या, नाहीतर दुसऱ्या मेलेल्या सेटातला जुना काढून लावा. आणि खाली अभ्रकाची चकती, दोन्ही बाजूंनी पांढरी पेस्ट, मग मीटरनं बघायचं की बॉडी हीट सिंकला लागली नाही ना. हे विसरला की सिरीज बल्ब लख्ख!

माळ्यावरचा_माल

सगळ्यांचे आभार. बोर्ड बनवला. बल्ब एकदा उजळला आणि मंद झाला, पॅनलचे दिवे अंधुक लागले, दोन-तीन सेकंदांनी आतून 'टक्' असा आवाज आला. वास नाही, धूर नाही. स्पीकर अजून जोडलेले नाहीत. आता?

जुना_कारागीर

तो 'टक्' म्हणजे स्पीकरचा प्रोटेक्शन रिले. म्हणजे आउटपुटवर भलतं डीसी नाही असं आतलं सर्किट म्हणतंय. पण त्याच्या शब्दावर जाऊ नका, स्वतः मोजा.

बल्ब काढून सरळ लाईनवर लावा. मीटर डीसी मिलिव्होल्टवर, व्हॉल्यूम शून्य, स्पीकरच्या टर्मिनलवर लाल-काळी, आधी डावा मग उजवा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर बिनधास्त. शंभराच्या वर असेल तर स्पीकर लावायचा नाही.

एवढी काळजी कशाला, तर आत प्लस-मायनस ३५ व्होल्टचा सप्लाय आहे असं समजा. एक आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की ते पस्तीस व्होल्ट सरळ स्पीकरच्या कॉइलवर. ८ ओहमच्या स्पीकरचा मीटरवरचा रेझिस्टन्स सहाच्या आसपास भरतो. ३५ भागिले ६ म्हणजे जवळजवळ ६ अँपिअर, म्हणजे २०० वॅट, आणि तेही नुसती उष्णता. रिले वेळेत सुटला नाही तर कॉइल क्षणात काळी.

ओहम_शांती

आणि मोजून झालं की पहिल्या ऐकण्यासाठी घरातले चांगले स्पीकर नकोत. भंगारातला चार इंची कुठलाही चालेल.

काका, गोंदाचा मुद्दा मान्य. सगळे कंडेन्सर बदलण्याबद्दल मी अजून माझ्या मताशी ठाम आहे, पण क्रम तुमचा बरोबर: आधी सेट जसा आहे तसा चालवून बघायचा, मग बदलायचे, आणि तेही एका वेळी एकच प्लेट. प्रत्येक प्लेट झाली की पुन्हा सिरीज बोर्ड.

जुना_कारागीर

एका वेळी एक प्लेट, यावर माझी सही घ्या.

निळी_शाई

मध्येच घुसते, पण विषय जवळचा आहे. आमच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट आहे, १९९१ ची, तीन तासांची. रत्नागिरीच्या घरी कपाटात होती. आता काढली तर खिडकीतून रिळावर पांढरी बुरशी दिसते. व्हीसीआर पण तिथलाच, लागतो, पण कॅसेट आत घेतो आणि लगेच बाहेर टाकतो. भाऊ म्हणतो एकदा लावून तरी बघू. लावू का? त्यात आता नसलेली बरीच माणसं आहेत, धोका नको वाटतो.

जुना_कारागीर

ताई, ती कॅसेट कुठल्याही मशीनमध्ये घालू नका. भावाच्या हाती तर नकोच.

बुरशी लागलेली टेप व्हीसीआरच्या ड्रमवरून (हेड बसवलेल्या फिरत्या नळकांड्यावरून) गेली की बुरशी हेडमध्ये बसते, आणि चिकटलेला थर सुटताना टेपवरचा लेपही घेऊन येतो. शिवाय ते मशीन पुढच्या प्रत्येक कॅसेटला तोच प्रसाद देतं. कोकणात हा प्रकार घरोघरी.

आधी कॅसेट एका घट्ट डब्यात सिलिका जेलसोबत काही आठवडे ठेवा. पूर्ण सुकलेली बुरशी पावडर होते, ती काढता येते. मग कॅसेटचे खालचे पाच स्क्रू काढून रिळं बाहेर, रिळांच्या कडेची बुरशी कोरड्या मऊ कापडाने पुसायची. हे घराबाहेर, तोंडावर मास्क लावून, बुरशी श्वासात जायला नको. पुसलेली रिळं दुसऱ्या स्वच्छ कॅसेटच्या खोक्यात बसवायची. मग संपूर्ण टेप एकदा हळू पुढे आणि एकदा मागे गुंडाळायची, सुक्या कापडाच्या घडीतून. यासाठी लोक एखादा मेलेला व्हीसीआर ड्रम काढून फक्त गुंडाळणीपुरता ठेवतात. हे सगळं होईपर्यंत चांगल्या मशीनच्या जवळपासही न्यायची नाही.

व्हीसीआरचं निदान: कॅसेट घेऊन लगेच बाहेर टाकणं म्हणजे बहुतेक मोड स्विच, नाहीतर लोडिंगचा बेल्ट. मोड स्विच म्हणजे मेकॅनिझमच्या पोटातली एक फिरती चकती. टेप आत ओढली गेली, ड्रमभोवती गुंडाळली गेली, हे तीच मशीनला सांगते. तिचे पितळी पट्टे काळे पडले की मशीन भांबावतं आणि कॅसेट परत फेकतं. उघडून अल्कोहोलने पुसली की बऱ्याचदा पुरतं. काढताना खालच्या गिअरची खूण करून ठेवा, एक दात इकडेतिकडे झाला तरी मशीन टेप चावतं.

ओहम_शांती

ताई, डिजिटल करताना एक बघा. व्हीसीआरमधून थेट यूएसबीच्या छोट्या कॅप्चर डोंगलला जोडलं तर जुन्या टेपची चित्रं थरथरतात, आवाज मागेपुढे होतो. मध्ये एखादा डीव्हीडी रेकॉर्डर ठेवा, त्यात रेकॉर्ड करायचं नाही, नुसतं त्यातून सिग्नल पुढे जाऊ द्यायचा. बरेच रेकॉर्डर तो सिग्नल स्थिर करून देतात. आपली टेप 'पाल' या व्हिडिओ पद्धतीची, म्हणजे सेकंदाला २५ चौकटी. फाइल ७२० बाय ५७६ ची ठेवा. आणि जुन्या बाजारात चालू व्हीसीआर दिसला तर सोडू नका. फुनाईने २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबवलं, त्यानंतर नवीन कोणी बनवत नाही.

जुना_कारागीर

त्यात भर: हेड पुसायची वेळ आली तर कापसाच्या काडीने मुळीच नाही, तंतू हेडमध्ये अडकतो. साधा पांढरा कागद किंवा शॅमॉय चामडं अल्कोहोलमध्ये ओलं करा, ड्रमवर अलगद आडवं टेकवा, आणि ड्रम हाताने फिरवा. कागद हलवायचा नाही, ड्रम हलवायचा. वर-खाली घासलंत तर हेडची टीप तुटते, आणि तसलं हेड आता पैसे देऊनही मिळत नाही.

अल्कोहोल म्हणजे ९९ टक्के आयसोप्रोपिल, केमिकलच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातलं. करोनातल्या उरलेल्या सॅनिटायझरच्या बाटल्या इथे चालणार नाहीत, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं.

निळी_शाई

फार आभार. कॅसेट डब्यात घातली, भावाला या धाग्याची लिंक पाठवली.

माळ्यावरचा_माल

डावीकडे १८, उजवीकडे ३१ मिलिव्होल्ट. भंगारातले स्पीकर लावले, फोनवरून गाणं सोडलं. उजवा खणखणीत. डावा मात्र विचित्र वागतोय: हळू आवाजात काहीच नाही, व्हॉल्यूमची खूण घड्याळातल्या बाराच्या जागी येईपर्यंत फिरवली की फर्रर्र करून अचानक येतो आणि मग छान वाजतो. कमी केला की थोड्या वेळाने पुन्हा गुल. डाव्या-उजव्या वायरी अदलाबदल करून बघितल्या, दोष डाव्या चॅनेललाच राहिला. ट्रान्झिस्टर गेला का?

तांबडा_पांढरा

ट्रान्झिस्टर गेला असता तर डीसी १८ आलं नसतं भावा. काका, हे तुमचं ते गिऱ्हाईक दिसतंय!

जुना_कारागीर

हो, ओळखीचंच आहे. हळू आवाजात गप्प आणि मोठ्या आवाजात जागा होतो, म्हणजे कुठला तरी संपर्क काळवंडलाय. बारीक सिग्नल त्या काजळीतून जात नाही. मोठा आला की ती फोडून जातो, मग काही वेळ वाट मोकळी राहते. तीन संशयित, या क्रमाने बघा.

पहिला, पुढच्या पॅनलवरची बटणं. टेप मॉनिटर (दाबलं की आवाज डेककडून घेणारं), स्टिरिओ-मोनो, सोर्स. सेट बंद ठेवून प्रत्येक बटण भरपूर वेळा दाबा-सोडा. टेप मॉनिटर बाहेर आहे ना, हेही बघा. 'आवाजच नाही' म्हणून भंगारात आलेल्या कित्येक सेटांत एवढंच असतं, ते बटण दाबलेलं राहिलेलं.

दुसरा, मागच्या बाजूला प्री आउट आणि मेन इन अशा जोड्या असतील तर त्यांना जोडणारे धातूचे छोटे यू आकाराचे जंपर. काळे पडले असतील तर पुसून घाला. एखादा हरवलेला असेल तर त्या बाजूचा आवाज मुळातच नाही.

तिसरा रिले, आणि माझा पैजेचा घोडा हाच.

माळ्यावरचा_माल

बटणं शंभरदा दाबली, फरक किंचित. जंपर आहेत, पुसले, फरक नाही. रिलेचं पारदर्शक टोपण निघतंय असं दिसतंय. आत काय करू? पॉलिश पेपरचा बारीक तुकडा फिरवू का?

जुना_कारागीर

पॉलिश पेपर अजिबात नाही. संपर्काच्या टोकांवर चांदीच्या मिश्रधातूचा पातळ थर असतो, तो खरवडलात तर महिन्याभरात पुन्हा हेच, आणि मग उपाय नाही.

प्लग काढा, थोडा वेळ थांबा. जाड गुळगुळीत कागदाची अर्ध्या सेंटिमीटरची पट्टी कापा, जुनं व्हिजिटिंग कार्ड उत्तम. अल्कोहोलमध्ये भिजवा, डाव्या चॅनेलच्या दोन टोकांमध्ये सरकवा, वरचं पान (टोक बसवलेली धातूची पातळ पट्टी) बोटाने हलकं दाबून धरा आणि पट्टी ओढून काढा. पट्टीवर काळी रेघ उमटेल. रेघ उमटायची थांबेपर्यंत नवीन पट्टी, तेच काम. शेवटी कोरडी पट्टी. पान वाकवू नका. टोकांवर खड्डे पडलेले दिसले तर मात्र रिलेच बदला; कॉइलचं व्होल्टेज त्याच्या अंगावर छापलेलं असतं, बहुधा २४, आणि पायांची रचना जुळवून घ्या.

माळ्यावरचा_माल

पहिल्या पट्टीवर पेन्सिलने ओढल्यासारखी रेघ आली. मग फिकट होत गेली. आता डावा चॅनेल अगदी कुजबुजीच्या आवाजातही वाजतोय. एक रुपया खर्च नाही!!

व्हॉल्यूम फिरवताना थोडी खरखर आहे अजून.

ओहम_शांती

त्यासाठी कॉन्टॅक्ट क्लीनर, इलेक्ट्रॉनिक्सचा. गंजलेल्या बिजागऱ्यांना मारतात तो तेलकट स्प्रे नको, पोटेन्शिओमीटरचा, म्हणजे व्हॉल्यूम कंट्रोलचा, कार्बनचा पट्टा त्याने खराब होतो आणि धूळ चिकटते. नळी घालायला पोटेन्शिओमीटरच्या मागे बारीक फट असते, एक फवारा, मग तीस-चाळीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत. बास-ट्रेबल-बॅलन्सलाही तेच करा.

(आणि हो, कंडेन्सर बदलायला आता मी सांगणार नाही. गाणी ऐका.)

जर्सीकर

इथे अमेरिकेत गराज सेलमध्ये असले सेट पडून असतात, म्हणून नेणाऱ्यांसाठी. अमेरिकेतले सेट १२० व्होल्टचे, जपानच्या देशांतर्गत बाजारातले १०० चे. भारतात स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. सेटच्या वॅटेजपेक्षा चांगला मोठा घ्या, नाहीतर तोच तापतो. काही मॉडेलांत आतला ट्रान्सफॉर्मर अनेक व्होल्टेजचा असतो आणि फक्त वायरी बदलायच्या असतात; सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा, हायफाय इंजिनवर बरीच फुकट आहेत.

टर्नटेबल असेल तर व्होल्टेजने भागत नाही. जुन्या बेल्टच्या किंवा आयडलरच्या टर्नटेबलांत सिंक्रोनस मोटर असते, तिचा वेग लाईनच्या फ्रिक्वेन्सीवर. ६० हर्ट्‌झची मोटर आपल्या ५० वर लावली की तबकडी ३३ ऐवजी २८ च्या जवळपास फिरते, लताबाई मन्नादांसारख्या ऐकू येतात. पुली बदलावी लागते. डायरेक्ट ड्राइव्हला ही भानगड नाही.

आणि इथला व्हीसीआर तिकडे कृपया नेऊ नका. तो एनटीएससी पद्धतीचा, आपल्या लग्नाच्या कॅसेटी पालच्या.

माळ्यावरचा_माल

डेककडे वळलोय. मागचं झाकण उघडलं. बेल्ट नाहीच, त्या जागी काळा डांबरासारखा चिखल. हाताला लागला तो साबणाने जात नाही, शर्टालाही लागलाय, घरात वातावरण तंग आहे.

तांबडा_पांढरा

शर्ट गेला समजा. वहिनींना रेकॉर्डिंग ऐकवा मग.

जुना_कारागीर

हा त्या काळच्या रबराचा स्वभाव. अल्कोहोल आणि कापसाने आधी तो सगळा काढा: फ्लायव्हीलच्या (जड चाकाच्या) कडेवरून, मोटरच्या पुलीच्या खाचेतून. एक ठिपका जरी पुलीवर राहिला तरी नवा बेल्ट त्याच्यावर उड्या मारेल आणि गाणं डुलेल. हातमोजे घाला.

माप: सुती दोरा जुन्या बेल्टच्या वाटेने सगळ्या पुल्यांभोवती फिरवा, जुळलेल्या जागी खूण करा, लांबी मोजा. बेल्ट त्याहून साधारण ५ टक्के लहान घ्या. दोरा ३०० मिलिमीटर भरला तर बेल्ट २८५ च्या घेराचा. फ्लायव्हीलला बहुधा चपटा लागतो, काउंटर आणि रिळांना चौकोनी. तपकीर गल्लीत मापाने बेल्ट देणारे आहेत, दोऱ्यासकट जा. 'यात बसेल बघा' म्हणून दिलेला घट्ट बेल्ट घेऊ नका, मोटरचं बेअरिंग झिजतं.

लगेहाथ रबरी पिंच रोलरही पुसा, काळा चकचकीत असेल तो. चकाकी जाऊन रबर मॅट दिसलं पाहिजे. त्याच्या शेजारची बारीक स्टीलची दांडी म्हणजे कॅप्स्टन, तिच्यावर तपकिरी पट्टा असेल तो काढा. डेक कॅसेट खातो ती बहुतेक वेळा याच दोघांमुळे.

एक_शंका

सगळे तज्ज्ञ जमलेतच तर विचारतो. माळ्यावर २१ इंची जुना कलर टीव्ही आहे, काचेच्या नळीवाला. चालू होतो पण मधोमध फक्त एक आडवी पांढरी रेघ. असाच उघडून बघू का? यूट्यूबवर सोपं दाखवतात.

जुना_कारागीर

रेघ म्हणजे व्हर्टिकलचा, चित्र वर-खाली पसरवणाऱ्या सर्किटचा दोष. आयसी, त्याचा सप्लाय किंवा सुकलेलं सोल्डर, काम छोटं आहे. पण तुम्ही उघडू नका.

रंगीत पिक्चर ट्यूबच्या टोपीवर २० ते २५ हजार व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही नळी तो भार धरून ठेवते. पॉवर सप्लायच्या मोठ्या कंडेन्सरवर वेगळे सव्वातीनशे डीसी. त्यात बऱ्याच टीव्हींची चासी थेट लाईनला जोडलेली असते, म्हणजे जिला आपण अर्थिंग समजून हात लावतो तिच्यातच करंट. अ‍ॅम्प्लिफायरवर शिकता येतं, टीव्हीवर नाही. तुमच्या गावात पन्नाशीच्या पुढचा एखादा टीव्ही मेकॅनिक अजून असेल, त्याच्याकडे न्या. आणि दुरुस्त होईपर्यंत लावून ठेवू नका, रेघेच्या जागी पडदा कायमचा भाजतो.

एक_शंका

सव्वातीनशे कुठून आले? घरात तर २३० येतात.

ओहम_शांती

२३० ही एसीची आरएमएस किंमत. शिखर तिच्या १.४१४ पट, म्हणजे ३२५. डायोडमधून गेल्यावर कंडेन्सर शिखरापर्यंत भरतो.

अवांतर: मीटर घेणाऱ्यांसाठी, मोटवानी आणि ऋषभ दोन्ही नाशिकचे. व्होल्टेज मोजताना तारांचं इन्सुलेशन शाबूत असू द्या, मीटर कुठलाही असो.

माळ्यावरचा_माल

बेल्ट २८५ चा मिळाला, बसला. कॅसेट फिरतेय, पण गाणं किंचित जलद वाटतंय. फोनवर तेच गाणं सोबत लावलं तर कॅसेट पुढे पळते.

जुना_कारागीर

मोटरच्या पाठीवर बारीक भोक दिसेल, रबराची बूच असेल कदाचित. आत ट्रिमर आहे. आधी त्याची जागा मार्करने खूण करून ठेवा. टोकाला इन्सुलेशन असलेला बारीक स्क्रू ड्रायव्हर घाला, केसाएवढा फिरवा, थांबा, ऐका. ३१५० हर्ट्‌झच्या टोनची टेस्ट कॅसेट मिळाली तर फोनवरच्या फ्रिक्वेन्सी मोजणाऱ्या अ‍ॅपने आकडा जुळवा. नाही मिळाली तर फोन आणि कॅसेट सोबत लावून तीन मिनिटांच्या गाण्यात दोन्ही एकत्र संपले की पुरे, पण मग कंपनीची छापील कॅसेट घ्या. घरी भरलेली नको, ती भरणाऱ्या डेकचा वेग कुणाला माहीत.

हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू फिरवू नका. तो अ‍ॅझिमथचा, म्हणजे हेडच्या तिरकेपणाचा आहे, वेगाशी त्याचा संबंध नाही.

तांबडा_पांढरा

आता डबे वाजायला लागले म्हणजे साहेब स्पीकर शोधणार. जुने आठ इंची उचलताना जाळी काढून कोनाच्या कडेचा फोम बोटानं हळूच दाबा. पिठासारखा झडला तर रिफोमचा खर्च धरूनच भाव करा. कापडी किंवा रबरी कड असेल तर बहुतेक धडधाकट.

माळ्यावरचा_माल

उचलले पण! काल. फोम झडलेला आहे, भावही तसाच केला. नवीन फोमची रिंग 'आठ इंची' म्हणून मागवू का?

तांबडा_पांढरा

नुसतं आठ इंची सांगून मागवू नका, हमखास चुकीची येते. चार मापं घ्या: फ्रेमवर फोम चिकटतो त्या गोलाचा बाहेरचा व्यास, त्याचाच आतला, फोमच्या अर्धगोल वळीची रुंदी, आणि कोनाचा व्यास. कोनाच्या वरून चिकटतो का खालून हेही बघा. जुना गोंद अल्कोहोलनं मऊ करून सगळा खरवडा. आधी फोम कोनाला चिकटवा, वाळू द्या, मग फ्रेमला. फ्रेमला चिकटवताना कोन मधोमध आहे का ते बघायला अ‍ॅम्प्लिफायरवरनं ३० हर्ट्‌झचा टोन अगदी हळू सोडा. कॉइल घासत असेल तर खर्रर्र ऐकू येतंय, मग कोन जरासा सरकवा, आवाज स्वच्छ झाला की दाबून ठेवा.

जोडताना दीड व्होल्टचा सेल टर्मिनलला क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला तर सेलची प्लस बाजू लागली ती स्पीकरची प्लस. दोन्ही स्पीकरांना बघून घ्या, एक उलटा जोडला तर बास कुठं गेला म्हणून पुन्हा धागा काढाल.